रुमालातील कागद आणि संगणकातील चांदणी

इतिहास हा उरलेल्या कागदांच्या आधारे लिहिला जातो. कोणते कागद उरावेत हे मात्र बहुधा इतिहासकार ठरवीत नाही. ते दप्तर बांधणारा ठरवितो. आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत तो विषय याच दप्तर बांधण्याचा, पण संगणकातील आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांची पुडकी कापडी रुमालांत बांधलेली आहेत. कागद हवा तर आधी रुमाल, मग पुडके, मग कागद, असा मार्ग. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. जे निवडले नाही ते रुमालातच राहिले. म्हणून पुढील अभ्यासकांस ते पुन्हा पाहता आले. संगणकातील कागदांची जपणूक-प्रत काढताना ही सवड गृहीत धरता येत नाही. मूळ नष्ट झाले, तर निवडीबाहेरचे सारे गेलेच.

संगणकातही फाईलचा पत्ता असाच पायरीपायरीने लिहितात. दोन पायऱ्यांमध्ये तिरकी रेघ असते. हजारो पत्ते एकेक करून कोण लिहिणार? बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्समध्ये यासाठी १९७१ सालीच ‘ग्लॉब’ नावाची सोय होती. नावातील चांदणीची खूण (*) म्हणजे ‘येथे कोणतीही अक्षरे चालतील’.

आपल्या वाशिंदचेच उदाहरण कल्पू या. ‘वाशिंद/*/जन्मनोंद’ असा नियम लिहिला, तर ‘वाशिंद/१९६१/जन्मनोंद’ ही फाईल प्रतीत येईल. पुढे कोणी जुनी वर्षे वेगळ्या कप्प्यात हलविली व पत्ता ‘वाशिंद/जुने/१९६१/जन्मनोंद’ झाला, तर ती येणार नाही. कारण एकेरी चांदणी सहसा तिरकी रेघ ओलांडीत नाही. तेथे दुहेरी चांदणी लागते. यंत्र मात्र कुरकुर करीत नाही. ‘काम पूर्ण’ म्हणून मोकळे होते.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आणलेल्या ‘आरसिंक’मध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि प्रथम जुळेल तोच लागू होतो. ‘जुने’ हा कप्पा वर वगळला असेल, तर त्यातील १९६१ घ्यावे हा खालचा नियम व्यर्थ. वगळलेल्या कप्प्यात यंत्र शिरतच नाही. घराला कुलूप घालावे आणि माजघरातील पेटी आणावयास सांगावे, तसे हे होय.

भातसाकाठच्या लोकांस पाण्याचे भय सांगावयास नको. २६ जुलै २००५ च्या पावसात ठाणे जिल्ह्यात किती घरांतील कागदांचा लगदा झाला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ज्याची जन्मनोंद गेली, त्यास नियम चुकला होता की पूर आला होता, याने काय फरक पडतो?

म्हणून दप्तर सांभाळणाऱ्यास ‘प्रत काढली काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘१९६१ ची एक नोंद त्या प्रतीतून काढून दाखवा,’ असे म्हणावे. नोंद हाती आली, तरच दप्तर खरे बांधले गेले असे समजावे.