१८ वर्षे अडलेली कुस्ती

१/ जानेवारी १९२८. महाराजा भूपिंदरसिंगांच्या पतियाळ्यात गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांच्या कुस्तीची तयारी चालली होती. तिचे मूळ मात्र लंडनमध्ये होते.

२/ १० सप्टेंबर १९१० रोजी झ्बिश्को तिथे अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी पालथा पडून बचाव करत राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेच्या फेरलढतीला तो आलाच नाही. गामा विजयी ठरला, पण चीतपटीविना.

३/ पुढे झ्बिश्को अमेरिकेत दोनदा जगज्जेता झाला. त्यामुळे जुना प्रश्न अधिकच धगधगत राहिला.

४/ आता दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मॅटऐवजी माती. १८ वर्षांच्या प्रतीक्षेचा निकाल एका मिनिटाच्या आत लागला. झ्बिश्कोची पाठ अखेर जमिनीला टेकली.