पहिल्या पाळीची वेळ

स्मृतिभ्रंशात विसरण्यापेक्षा घरच्यांना जड जाते ते वागणे: भटकणे, संशय, आरडाओरडा, रात्रीचे जागरण. पूर्वी हा म्हातारचळ समजून सोडून देत. फारच झाले तर येरवड्याचे मनोरुग्णालय. मनोरुग्णांविषयीचा 1912 चा कायदा मुख्यतः कोंडण्यापुरताच होता. 1987 साली नवा झाला, पण तो लागू व्हायला 1993 उजाडले.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली. गावाकडून आलेले तरुण कामगार इथेच म्हातारे झाले, त्यामुळे या पट्ट्याला हा प्रश्न उशिरा भेटला. निवृत्त कामगार पहाटे चारला शर्ट चढवून ‘पाळी चुकेल’ म्हणत कडीशी झटतो. ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात’ असे ठणकावले की भडकतो. ‘आज सुट्टी आहे, चहा घ्या’ म्हटले की पुष्कळदा निवळतो. खोटे बोलल्याची टोचणी मुलांनी बाळगू नये.

‘अस्तु’ या मराठी चित्रपटात हत्तीमागे निघून गेलेले संस्कृतचे प्राध्यापक हेच भटकणे दाखवतात.

वागणे अचानक बिघडले तर आधी वेदना, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग तपासतात. गुंगीच्या गोळ्यांचा मोह होतोच. पण अशा वृद्धांमध्ये मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला होता. म्हणून ती अगदी गरजेपुरती, कमी मात्रेत आणि थोडे दिवस देतात.