पाथरी की पथरी

परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची नावे एकेक करून गुगलच्या चौकटीत टाकायची म्हटली, तरी त्या यंत्राचे कूळ उमगायला लागते. सेलू म्हणावे तर एक सेलू परभणीतले, दुसरे वर्धा जिल्ह्यातले. पूर्णा म्हणजे तालुक्याचे गाव, रेल्वेचे जंक्शन, गोदावरीला मिळणारी नदी, आणि वर विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी आणखी एक नदी. पालम म्हटले की दिल्लीचा विमानतळ आडवा येतो. मानवत आणि मानवता यांच्यात अंतर एका कान्याचे. पाथरीतला काना बोटातून निसटला तर उरते ती हिंदीतली पथरी, म्हणजे आपला मूतखडा. मग ज्याला तालुक्याचे गाव हवे होते त्याच्यापुढे काढे आणि दवाखाने येण्याची पुरी सोय झाली. माणसे याला यंत्राची चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. 'शोध' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी कामे ठेवत आलो आहोत. त्यांतले एकच यंत्राकडे गेले, दुसरे कधी गेलेच नाही, आणि बहुतेक फसगत होते ती या दुसऱ्या कामाच्या जागी.

'शोध' हा शब्द 'शुध्' या धातूपासून आला. मुळात त्याचा अर्थ धुंडाळणे असा नव्हताच. स्वच्छ करणे, मळ काढणे, असा होता. वैद्य पाऱ्याचे शोधन करतात ते याच अर्थाने. मराठी वाङ्मयातले सर्वांत प्रसिद्ध शोधनही हरवलेली वस्तू सापडवण्याचे नव्हते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पोथी लोकांत होतीच. नक्कल करणाऱ्यांच्या हातून तिच्यात जे पाठ बिघडले होते, ते निवडून काढणे हे काम होते. पुढे मराठीने या शब्दाला दोन क्रियापदे जोडली. शोध घ्यायचा असतो आणि शोध लावायचाही असतो. 'संशोधन' या शब्दात अजून शुद्धीचा वास आहे. 'शोधयंत्र' बनवताना मात्र तो उडून गेला आणि उरले नुसते हुडकणे.

हुडकण्याचे हे तंत्र संगणकाहून फार जुने आहे, आणि त्याचे खरे नाव सूची. संस्कृतात सूची म्हणजे सुई; टोकाने दाखवते तीही सूचीच. तेराव्या शतकात पॅरिसच्या मठात ह्यू ऑफ सेंट-शेर याने आपल्या बंधुभिक्षूंना हाताशी धरून लॅटिन बायबलातल्या शब्दांची स्थळसूची करवली: शब्द काढा, तो कुठे कुठे आला ते पाहा. मॉरिस ब्लूमफील्डने १९०६ साली वैदिक मंत्रांची अशीच सूची छापली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचून लाखो चिठ्ठ्या भरल्या गेल्या, आणि त्या आजही कपाटांत अक्षरक्रमाने उभ्या आहेत. मराठी पुस्तकांपुरते हे काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या, आणि दुसऱ्या भागात १९५० पर्यंतच्या पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' चाळल्याशिवाय त्या काळावर लिहू नये. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अॅलन एमटेजने 'आर्ची' बनवले. त्यात फक्त फाइलींच्या नावांची यादी होती, आतल्या मजकुराची नाही. १९९४ चे याहू ही माणसांनी विषयवार लावलेली यादी, म्हणजे दात्यांच्या जातकुळीची. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टाने पानांतल्या शब्दाशब्दाची नोंद ठेवली. तो ह्यूचा वारस. गुगलने १९९८ साली त्यात भर घातली ती क्रमाची: ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते वर. म्हणजे आपण शब्द टाकतो तेव्हा यंत्र जगभर धावत सुटते ही समजूत खोटी. ते आधी केलेली सूची उघडून बघते. सूचीत नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही.

हे कूळ ध्यानात घेतले की कसे विचारावे ते आपोआप कळते. सूचीत शब्द असतात ते पान लिहिणाऱ्याचे, विचारणाऱ्याचे नव्हेत. कपाशीची पाने लाल पडली की शेतकरी 'लाल्या' म्हणतो, तर तज्ज्ञाच्या लेखात मॅग्नेशियमची कमतरता असे सापडेल; दोन्ही शब्द टाकून पाहिल्याशिवाय दोन्ही कप्पे उघडत नाहीत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, पण 'वसंतराव नाईक' हे नाव त्याला २०१३ साली मिळाले. आधीच्या चाळीस वर्षांचे काम 'मराठवाडा कृषी विद्यापीठ' या नावाखाली आहे. विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी तर इतकी पसरली की नुसते 'परभणी' टाकणाऱ्याला शहराऐवजी बियाण्याची पुडी भेटावी. जिल्ह्याचेही तसेच. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळी झाली. त्यामुळे औंढा नागनाथ किंवा नामदेवांची नरसी जुन्या पुस्तकांत 'जिल्हा परभणी' म्हणूनच येते. शब्दसमूह दुहेरी अवतरणात टाकला की यंत्र त्याची मोडतोड करत नाही. नको त्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावले की वर्ध्याचे सेलू किंवा दिल्लीचे पालम बाजूला होते. रोमन अक्षरांत 'साइट', त्याला चिकटून अपूर्णविराम आणि पुढे जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, तर शोध तेवढ्याच आवारात राहतो. या खुणा कोणी जादू म्हणून शिकवू नयेत. सूची वापरण्याची ती जुनीच शिस्त आहे. एक अडचण मात्र कोणत्याही खुणेने सुटत नाही. युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेले मराठी कागद डोळ्याला देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरांची चिन्हे असतात. 'जिंतूर' हा शब्द पडद्यावर स्वच्छ वाचता येतो आणि सूचीत नसतो.

आता यंत्रांना अर्थ कळू लागला आहे, मग शब्दांची एवढी कटकट कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. २०१९ पासून गुगल वाक्याचा संदर्भ ओळखणारी पद्धत वापरते, आणि हल्ली तर पानांच्या यादीआधी तयार उत्तरच समोर येते. पण हे कळणे म्हणजे बहुतेकांना काय हवे असते याचा अदमास. मूतखड्याचे उपाय विचारणारे हिंदी भाषक कोटींनी, पाथरी तालुक्याची चौकशी करणारे मूठभर. तेव्हा अदमास जितका तयार होत जाईल तितका मूठभरांचा शब्द दुरुस्त होण्याचा धोका वाढतो. लहान गावाच्या माणसाला म्हणूनच यंत्राच्या हुशारीवर लगाम ठेवावा लागतो, आणि तो लगाम म्हणजे तीच दोन अवतरणचिन्हे. तयार उत्तराचे म्हणाल तर तेही कुणीतरी लिहिलेल्या मजकुरातूनच रचलेले असते, फक्त लिहिणाऱ्याचा चेहरा मागे गेलेला असतो. शुद्ध करायचे तर कोणती प्रत समोर आहे हे आधी कळायला हवे. एकनाथांनाही प्रती समोर मांडूनच बसावे लागले असणार.

मग यंत्र कोणते निवडावे? पाट्या पुष्कळ दिसतात, गोदामे मोजकीच आहेत. डकडकगो आपला माग ठेवत नाही हा त्याचा गुण खरा, पण त्याचा बराचसा माल वर्षानुवर्षे बिंगच्या सूचीतून आला. स्टार्टपेज प्रामुख्याने गुगलचा माल देते. ब्रेव्हने स्वतःची सूची उभारली आहे. तेव्हा दोन यंत्रांत तेच पान दिसले म्हणून दुजोरा मिळाला असे समजू नये, दोघांची सूची वेगळी असेल तरच त्या तुलनेला अर्थ. मराठीसाठी मी आधी गुगलच घेईन, कारण देवनागरी पाने त्याच्याकडे जास्त भरतात. खात्री करायची असेल तेव्हा दुसऱ्या गोदामात जाईन. क्रम म्हणजे पुरावा नव्हे हे तर पाथरीनेच दाखवले. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची घोषणा केली आणि तिच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. अशा वेळी वरची पाने भरतात ती भांडणाच्या बातम्यांनी. ताज्या पानांना आणि एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या पानांना यंत्र वर ढकलते. जन्म कुठे झाला याबद्दल त्याला काही म्हणायचे नसते. तारखेची मर्यादा घालून त्या वादाआधीची पाने काढली, की कोणता दावा आधीपासून होता आणि कोणता वादात जन्मला एवढे तरी निवडता येते.

शेवटी उरतो तो समज, की सगळे काही नेटवर आहे, फक्त विचारता आले पाहिजे. मराठवाड्यात 'नोंदी शोधणे' हा शब्दप्रयोग २०२३ पासून घरोघर झाला आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले आणि नंतरचे दप्तर उघडायला लावले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूच्या वह्या. त्यांतले कितीतरी कागद उर्दूत आणि मोडीत, शब्दसूची कशालाच नाही. तिथे चौकटीत नाव टाकून भागत नव्हते. तहसिलीच्या दप्तरात बसून पानामागून पान उलटणारी, आणि आपल्या आजोबांचे गाव उर्दू अक्षरांत कसे दिसते हे ओळखणारी माणसे हुडकून आणावी लागली.