हरितगृह परिणाम व औष्णिक वीज

सूर्यप्रकाशाने तापलेली पृथ्वी अवरक्त प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. हवेतील बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू ती शोषून काही भाग जमिनीकडे परत पाठवतात. हा हरितगृह परिणाम नसता, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५° ऐवजी उणे १८° से. असते. कोळशातील १२ किग्रॅ. कार्बन पूर्ण जळाला, की ४४ किग्रॅ. कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात ज्वलनातील उष्णतेपैकी साधारण एकतृतीयांशाचीच वीज होते. उरलेली धुराड्यातून व शीतन मनोऱ्यांतून निसटते. तापमानवाढीचे खरे कारण मात्र ही वाया गेलेली उष्णता नव्हे. ती अवकाशात निघून जाते, पण कार्बन डायऑक्साइड वायू शतकानुशतके टिकतो. त्याचे हवेतील प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्षांत सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे.