अर्धा स्पीकर म्हणजे दरवाजा

आजचा विषय आहे गाडीतला आवाज. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये गाडीचे स्पीकर कुठून आले? पण ही गोष्ट शंभर वर्षांची आहे, आणि ती मला आधी माहीत असती तर माझे बऱ्यापैकी पैसे वाचले असते.

माझ्याकडे एक सेकंडहँड हॅचबॅक आहे. पुढच्या दरवाजातले स्पीकर फार पातळ वाजायचे. शब्द स्पष्ट, झांज स्पष्ट, पण ढोलकीची थाप आणि डग्ग्याची घुमक गायब. मी स्पीकर बदलले. आवाज मोठा झाला, थाप काही आली नाही. मग आणखी महागातले घेतले. तरी तेच! दुकानदार म्हणाला, "दादा, आता डिकीत बेस ट्यूब टाका." मी टाकणारच होतो. पण त्याआधी एका रविवारी जरा वाचत बसलो आणि थेट १९२५ सालात जाऊन पोचलो.

त्याआधी एक शब्द समजून घेऊ. छातीवर बसणारी जी थाप असते, तिला मिडबास म्हणतात. साधारण ८० ते ३०० हर्ट्झचा पट्टा. त्याच्या खालचं, सीट हलवणारं काम सबवूफरचं. थाप मात्र दरवाजातल्या स्पीकरनेच द्यायची असते.

आता १९२५. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग हे दोन इंजिनिअर काम करत होते. तेव्हा मोठा आवाज हवा तर भोंगा लागायचा, ग्रामोफोनसारखा. या दोघांना भोंग्याशिवाय वाजणारा स्पीकर करायचा होता. चुंबकात एक छोटी कॉइल, तिला जोडलेला कोन. आज तुमच्या मोबाईलपासून गाडीपर्यंत जे वाजतं, ते जवळपास सगळं याच पद्धतीचं. (कॉइल आणि चुंबकाची कल्पना त्याहून जुनी. ऑलिव्हर लॉजने इंग्लंडमध्ये १८९८ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं.)

पण राइस आणि केलॉग यांच्या कामात आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. तो स्पीकर नुसता टेबलावर ठेवून चालत नव्हता, एका फळीत बसवावा लागत होता. का? कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर दोन आवाज काढतो, एक पुढून, एक मागून, आणि दोन्ही एकमेकांच्या उलटे. मागचा आवाज वळसा घालून पुढे आला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

मग शब्द कसे ऐकू येतात? इथे थोडं गणित करू. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० हर्ट्झची एक लाट ३.४ मीटर लांब. मागचा आवाज ३० सेंटिमीटरचा वळसा घालून आला, तर एवढ्या लांब लाटेपुढे तो वळसा काहीच नाही. दोन उलट्या लाटा जवळपास एकाच वेळी भेटतात आणि आवाज कापला जातो. १००० हर्ट्झची लाट मात्र ३४ सेंटिमीटरचीच. तिथे हे गणित असं सरसकट जुळत नाही, म्हणून गाणाऱ्याचा आवाज टिकतो आणि थाप जाते. माझ्या गाडीत नेमकं हेच चाललं होतं!

आता गाडीकडे वळू. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने गाडीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळात फोर्डची साधी मॉडेल ए गाडी साधारण ५०० डॉलरला मिळायची. म्हणजे रेडिओ हीच मोठी चैन. पुढे बरीच वर्षं गाडीत स्पीकर असायचा एकच. बातम्या आणि गाणी ऐकू आली की झालं, थापेचा विचार कोण करतो?

मग आला स्टिरिओ. १९६५ मध्ये फोर्डने १९६६ च्या मॉडेल्ससाठी एट-ट्रॅक टेप द्यायला सुरुवात केली. स्टिरिओ म्हटलं की डावा आणि उजवा असे वेगळे स्पीकर हवेत. त्यांना जागा कुठे? दोन्ही बाजूंना समोरासमोर, आतून पोकळ अशी एकच सोयीची जागा होती, दरवाजा.

पण दरवाजा स्पीकरसाठी कधी बनलाच नव्हता. त्यात काच खाली उतरते, काचेची मशीन असते, लॉक असतं. काचेच्या कडेने पावसाचं पाणी आत येतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. आतल्या पत्र्याला हात घालता यावा म्हणून मोठमोठी भोकं असतात आणि त्यांच्यावर चिकटवलेला असतो एक प्लॅस्टिकचा कागद. पाण्याला तो पुरतो, आवाजाला नाही. राइस आणि केलॉग यांनी घेतलेली फळी आपण गाडीत आणली, पण तिला भोकं पाडून.

गंमत म्हणजे याची उत्तरं तोपर्यंत सापडलेली होती. फक्त ती घरच्या स्पीकरसाठी आणि कारखान्यांसाठी होती.

पहिलं उत्तर १९५४ चं. एडगर व्हिलचर यांनी हेन्री क्लॉस यांच्या साथीने एआर-१ नावाचा स्पीकर आणला. मागचा आवाज त्यांनी हवाबंद खोक्यात कोंडला आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं. लहानशा खोक्यातून एवढा खोल बास येतो हे लोकांना खरं वाटेना. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि खोकं यांचं नातं आकड्यांत मांडलं. स्पीकरच्या खोक्यावर जे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस छापलेलं असतं ना, ते यांचंच. त्या आकड्यांचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर, स्पीकर एकटा चांगला किंवा वाईट नसतो, तो कशात बसवलाय त्यावर ठरतं.

दुसरं उत्तर पत्र्याचं. बास वाजला की दरवाजाचा पत्राही थरथरतो, म्हणजे तो स्वतःच एक वाईट स्पीकर होतो. १९५२ मध्ये जर्मनीत हर्मन ओबर्स्ट यांनी पातळ पत्र्यावर चिकट थर दिला तर थरथर किती कमी होते याचा अभ्यास मांडला. १९५९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी पुढचं पाऊल टाकलं. चिकट थरावर आणखी एक ताठ थर लावायचा. पत्रा वाकायला लागला की मधला चिकट थर दोन्हींच्या मध्ये घासला जातो आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. आज दुकानात अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी डॅम्पिंग शीट मिळते ना, ती हीच कल्पना.

आणि १९८३ च्या मॉडेल्ससाठी जनरल मोटर्सने अमर बोस यांच्या कंपनीसोबत केलेली सिस्टिम कॅडिलॅकसारख्या गाड्यांत दिली. बोस एमआयटीत प्राध्यापक होते, त्यांचे वडील बंगालचे. या सिस्टिममध्ये स्पीकर, त्यांची खोकी आणि आवाजाची जुळणी त्या त्या गाडीच्या आतल्या जागेनुसार केलेली होती. म्हणजे गाडी हाच सिस्टिमचा भाग, हे कंपनीतूनच मान्य झालं.

एवढं वाचल्यावर मी दरवाजाचं पॅड काढलं. प्लॅस्टिक फाटलेलं. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. आणि एका बाजूची प्लस-मायनस वायर उलटी! म्हणजे डावा कोन पुढे यायचा तेव्हा उजवा मागे जायचा. पुन्हा तीच कापाकापी, या वेळी दोन दरवाजांमध्ये.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी वायर सरळ केली. खर्च शून्य. तुम्हाला तपासायचं असेल तर स्पीकरच्या वायर सोडा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. मग स्पीकरखाली पाण्याने न फुगणारी घट्ट रिंग आणि फोम लावून फट बंद केली. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवली, पण मशीन दुरुस्त करायची वेळ आली तर उघडता येतील अशी. शेवटी बाहेरच्या पत्र्याच्या मोठ्या सपाट भागावर शीट लावली. सगळा पत्रा मढवायची गरज पडली नाही. आधी टिचकी मारली की टण्ण वाजायचं, आता नुसतं ठक. स्टिरिओत हायपास फिल्टर ६० हर्ट्झला ठेवला, म्हणजे छोटा कोन झेपणार नाही त्या खोल बासच्या मागे धावत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं कधीच बंद करू नका, नाहीतर दरवाजा आतून गंजेल. आणि काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दरवाजातल्या हवेचा दाब वाचतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर दरवाजात नवीन भोक पाडण्याआधी किंवा असलेलं बुजवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. थापेपेक्षा जीव मोठा.

खर्च किती आला? दुसऱ्यांदा घेतलेल्या स्पीकरपेक्षा कमी. आणि सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू? काढून ठेवलेले कंपनीचे जुने स्पीकर मी एकदा गंमत म्हणून परत लावून बघितले. थाप येत होती! महागड्यांइतकी नाही, पण येत होती. ते बिचारे पहिल्यापासून वाजतच होते. त्यांचा अर्धा आवाज दरवाजा खात होता आणि मी पैसे स्पीकरवर घालत होतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी एकदा दरवाजाचं पॅड उघडून बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि व्हॉल्यूम जरा जपून!