दुकानात किती तास काम? दिवसाबरोबर आठवडाही मोजा

जून महिन्यात औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड उडते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तीच गर्दी सिटी चौक आणि शहागंजकडे सरकते. दोन्हीकडे काउंटरच्या आत उभी असलेली बरीच मुलं आम्हा शिक्षकांच्या ओळखीची असतात. सकाळी साडेदहाला शटर उघडायचं आणि रात्री कधी सुटायचं ते शेठ सांगेल तेव्हा. पगार किती, हे त्यांना पाठ असतं. तास विचारले की हसतात.

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी आपल्या राज्यात २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. लोक त्याला शॉप अ‍ॅक्टच म्हणतात. या कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. सलग ५ तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची सुट्टी. कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण वेळ, म्हणजे जेवणाची सुट्टी धरून, साडेदहा तासांपेक्षा जास्त नको. साडेदहाला आलेला माणूस रात्री नऊला मोकळा व्हायला हवा, असा त्याचा साधा अर्थ.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केला आणि पाठोपाठ अध्यादेश आला. दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास झाली, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर, आणि येण्या-सुटण्यातलं अंतर १२ तासांपर्यंत. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास झाली. तेव्हापासून बाजारात एकच वाक्य ऐकू येतं, "आता दहा तास ड्युटी कायद्याने झाली." हे अर्धंच खरं आहे. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत.

रोज १० तास, सहा दिवस, म्हणजे ६० तास. त्यातले १२ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. समजा पगार महिन्याला १३,००० रुपये आहे. २६ दिवसांनी भागल्यावर दिवसाचे ५०० रुपये, ८ तासांचा दिवस धरला तर तासाचे साडेबासष्ट. दुप्पट केल्यावर १२५. बारा तासांचे १,५०० रुपये, तेही एका आठवड्याचे. शिवाय तीन महिन्यांत साधारण १३ आठवडे येतात. १२ गुणिले १३ म्हणजे १५६ तास. ही १४४ ची मर्यादा ओलांडते. म्हणून वर्षभर रोज दहा तास राबवून घेणं नव्या नियमातही बसत नाही. हा हिशेब सातवीतला पोरगाही करू शकतो, पण पगाराच्या दिवशी तो कुणी मांडत नाही.

आता अडचणीची गोष्ट. २०१७ च्या कायद्यातले हे नियम १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना होते. नव्या बदलात ही संख्या २० झाली. त्याखालच्या दुकानदाराने फक्त व्यवसायाची सूचना द्यायची. औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट इथल्या कितीतरी दुकानांत चार-सहाच माणसं असतात, म्हणजे ज्यांना गरज जास्त तेच या कायद्याच्या बाहेर. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. तरीही छोट्या दुकानातला माणूस अगदीच उघड्यावर नाही. किमान वेतनाचा कायदा कामगारांची संख्या पाहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही सामान्य कामाच्या दिवसापेक्षा जास्त कामाला दुप्पट दराची तरतूद आहे.

दहावीची परीक्षा संपली की मुलांना दुकानात लावणाऱ्या पालकांनी पुढचं नीट वाचावं. १४ वर्षांखालच्या मुलाला बाहेरच्या दुकानात कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. दुसरं काम दिलं तरी सलग ३ तासांनंतर एक तास विश्रांती, आणि विश्रांती व कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसात एकूण ६ तासच. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी. रमजानमध्ये तरावीहनंतर बाजारात उभा राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा या नियमाच्या बाहेर जातो, मग शेठ मामूचा असो की शेजारचा.

शॉप अ‍ॅक्टमध्ये आठवड्याची २४ तासांची सुट्टी आहे. दुकान सातही दिवस उघडं राहू शकतं, माणसाला मात्र पाळीने सुट्टी द्यावीच लागते. वर्षाला ८ पगारी सणांच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार. या चार कोणत्या, ते वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायचं असतं. दोन्ही ईद त्यात घालून घ्या. डिसेंबरात बोललं नाही तर ऐन वेळी रजा मागत बसावं लागतं. जुम्मासाठी या कायद्यात वेगळी सवलत नाही, पण शुक्रवारची विश्रांतीची वेळ नमाजच्या वेळेला जुळवून घेता येते. बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामाला बोलावता येत नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांचा कायदा वेगळा. तिथे १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा आता केंद्राच्या संहितेने घेतली आहे. ८ तासांचा दिवस आणि दुप्पट ओव्हरटाइम हा त्यातला पाया, आणि ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते. हे ४८ तास सहज मिळालेले नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी मिळाली. आठवड्याचे ५४ चे ४८ तास १९४६ साली झाले, त्याआधी मजूर खात्याचे सदस्य म्हणून ते विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं.

तक्रार शहरातल्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून काही होत नाही. त्याआधी एक साधी वही ठेवा: तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ. हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो, पगाराची बँकेतली नोंद, दुकानाच्या ग्रुपवर आलेला "आज उशिरापर्यंत थांबा" हा मेसेज, हे सगळं जपून ठेवा. अर्ज लिहायला अडत असेल तर मोहल्ल्यातल्या कुठल्याही शिक्षकाकडे वही घेऊन जा, तासाभरात लिहून होतो.