विमानांच्या लघुप्रतिकृतींतील ताणतारा व सूक्ष्म नळ्या

मूळ पाठ कोणता व लेखकूनें पदरची भर कोणती घातली, हा प्रश्न हस्तलिखितें चाळणारास पावलोपावलीं पडतो. लघुप्रतिकृतींसही तो तितकाच लागू आहे. पहिल्या महायुद्धांतील (१९१४-१८) विमानांच्या प्रतिकृती संग्रहालयांत व खासगी संग्रहांत आढळतात आणि त्या त्या विमानाच्या रचनेचें साधन म्हणून दाखविल्या जातात. त्यांच्या सांगाड्याचें माप बहुधा विश्वसनीय असतें. पंखांमधील ताणतारांचा पाठ मात्र पुष्कळदां भ्रष्ट असतो. प्रस्तुत लेखांत तेवढाच भाग विचारांत घेतला आहे.

उदाहरणादाखल आम्ही 'सॉपविथ डॉल्फिन' हें इंग्रजी विमान घेतों. मराठी वाचकांस त्याची ओळख असणें उचित आहे. कारण मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर हे ज्या २३ व्या स्क्वाड्रनमध्यें होते, तिच्याकडे हेंच विमान होतें. त्यांस ३० जून १९१८ रोजीं मृत्यु आला व फ्रान्समध्यें हँगार्ड येथील युद्ध-स्मशानांत त्यांचें थडगें आहे. या विमानाचा खालचा पंख वरच्यापेक्षां किंचित् पुढें असे, आणि वरच्या पंखाच्या मध्यावरील मोकळ्या चौकटींतून वैमानिकाचें डोकें बाहेर येई. दोन्ही बाजूंस खांबांच्या दोन दोन जोड्या व त्यांमध्यें तिरप्या ताणतारा, अशी पंखांची बांधणी होती.

या तारा कशा होत्या, हाच वादाचा मुद्दा. जर्मन 'अल्बाट्रॉस' विमानांत पिळाच्या पोलादी दोरा असत व त्यांचा ताण कमीअधिक करण्यास टर्नबकल लावीत. टर्नबकल म्हणजे दोन टोकांस परस्परविरुद्ध आटे असलेली लहानशी नळी. ती फिरविली कीं दोन्हीकडील खिळे एकदम आंत ओढले जातात किंवा बाहेर सरतात. इंग्रजांनीं मात्र फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरींत निराळीच तार सिद्ध केली व तिला त्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून 'राफ तार' असें नांव पडलें. ही अखंड पोलादी सळई असून, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून मसुराच्या दाण्यासारख्या छेदाची चपटी केलेली असे. तिच्या एका टोकास उजवे व दुसऱ्यास डावे आटे असत. सबंध तारच फिरवून ताण साधावयाचा व मग चाकी आवळून ती जागीं पक्की करावयाची, अशी योजना असल्यामुळें मध्यें वेगळ्या टर्नबकलचें प्रयोजनच उरत नसे. डॉल्फिनच्या पंखांस याच तारा होत्या.

आतां हल्लींच्या प्रतिकृतिकारांची रीत पाहूं. पितळेची अथवा ॲल्युमिनियमची केंसासारखी बारीक नळी घेऊन ती कठीण पाटीवर धारदार पात्याखालीं हलक्या हातानें लोळवितात; सभोंवार चीर पडली कीं तुकडा सुटतो. तोंड चेपूं नये म्हणून पोटांत पोलादी तार घालून ठेवतात. इंजेक्शनच्या सुईची पोलादी नळी पात्यास दाद देत नाहीं. तिला घासचक्रीच लागते. मग नायलॉनचा धागा नळींतून काढून, पंखावरील कडींतून फिरवून पुन्हां त्याच नळींतून परत आणतात, ओढतात व जलद सुकणाऱ्या डिंकाचा थेंब देतात. फांस पक्का होतो, गांठ झांकली जाते आणि नळीचा तुकडा हुबेहूब टर्नबकलसारखा दिसतो. कौशल्य वाखाणण्याजोगें खरेंच. परंतु अल्बाट्रॉसच्या प्रतिकृतींत जें यथार्थ, तेंच डॉल्फिनच्या पंखांत प्रक्षिप्त होय. लेखकू अपरिचित शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द दडपून देतो, त्यांतलाच हा प्रकार. आणि अक्षर सुरेख असलें म्हणजे असा पाठ अधिकच बळावतो!

मापाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. टर्नबकलची जाडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर धरली, तर ३२ पट लहान प्रतिकृतींत ती ०.४० मिलिमीटर भरते, ४८ पट लहान असल्यास ०.२६ व ७२ पट असल्यास अवघी ०.१८. सुयांच्या नळ्यांचे क्रमांक चढतील तशी जाडी उतरते: २५ क्रमांकाची ०.५१, २७ ची ०.४१ व ३० ची ०.३१ मिलिमीटर. म्हणजे २७ क्रमांकाची नळी पहिल्या मापास जवळजवळ तंतोतंत जुळते. पण २५ क्रमांकाची नळी ७२ पट लहान विमानावर बसविली, तर मूळ वस्तु सुमारें ३७ मिलिमीटर, दीड इंचास थोडी कमी, जाड होती असें म्हणावें लागेल. एवढें जड लोखंड तारेंत अडकविणारा कारागीर कोणत्याहि सैन्यांत टिकला नसता.

कालनिर्णयास मात्र या बारीक वस्तु फार उपयोगी आहेत. नायलॉन १९३८ सालीं जगापुढें आलें. ज्या जातीच्या डिंकाचा वर उल्लेख केला, तो सायनोॲक्रिलेट १९५८ पासून विक्रीस आहे. तेव्हां १९१८ सालच्या वैमानिकानें स्वहस्तें केलेली म्हणून दाखविली जाणारी प्रतिकृति नायलॉननें ताणलेली असेल, तर निदान तिच्या तारा मागाहूनच्या आहेत, हें निर्विवाद. एवढ्यावरून लांकडी सांगाडाहि बनावट ठरवूं नये. जीर्ण पोथीचीं फाटलेलीं पानें नवीं लिहून घातलीं म्हणून उरलेली पोथी खोटी होत नाहीं. धागा रेशमाचा असल्यास तो जुना असूं शकेल, पण तेवढ्यानें त्याचें जुनेपण सिद्ध होत नाहीं. रेशीम आजहि मिळतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, प्रतिकृतीच्या नोंदींत केवळ विमानाचें नांव व लांबी-रुंदी न देतां धाग्याची जात, नळीचा धातु व बाहेरची जाडी, नळीवर सांध्याची रेघ आहे किंवा नाहीं, आणि फांसाशीं डिंकाचा अंश दिसतो काय, हें भिंगानें पाहून लिहावें. तारा बदलावयाच्याच असतील, तर काढलेल्या जुन्या तारा व नळ्यांचे तुकडे पुडींत घालून, त्यावर कोणता तुकडा कोणत्या खांबापासचा तें लिहून, प्रतिकृतीबरोबरच ठेवावे.